वायनरीची यादी आणि जेवणाचे ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेस्टिंगच्या टेबलामागे उभे राहून पाहुण्यांना वाइन चाखायला देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. पाहुणे कुठलेही असोत, त्यांचे प्रश्न फिरून फिरून त्याच ठिकाणी येतात: यादीत इतकी नावे कशाला, त्यांतले आपल्या जेवणाबरोबर काय चालेल, आणि निवड चुकली तर काय बिघडेल. यांतला एकही प्रश्न बाळबोध नाही, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

एकाच वायनरीच्या यादीत इतक्या निरनिराळ्या वाइन कशा असतात?

द्राक्षाची जात हे एक कारण झाले, पण जात एकच ठेवूनही वायनरीला चार वेगळ्या वाइन करता येतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस रंगहीन असतो आणि रंग व तुरटपणा सालीत असतो. म्हणून काळी द्राक्षे हलक्या हाताने दाबून रस लगेच सालीपासून वेगळा काढला तर पांढरी वाइन होते, साली रसात काही तास राहू दिल्या तर गुलाबी म्हणजे रोझे होते, आणि साली-बियांसकट रस आठवडा-दोन आठवडे आंबवला तर लाल वाइन होते. पिनो न्वार या काळ्या द्राक्षापासून फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात लाल वाइन करतात आणि शॅम्पेन प्रांतात तेच द्राक्ष पांढऱ्या फेसाळ वाइनमध्ये जाते.

दुसरा फरक आंबण्याचा. यीस्ट रसातील साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणजे लिटरला २२० ग्रॅम साखर असलेला रस शेवटपर्यंत आंबला तर वाइनमध्ये सुमारे १३ टक्के अल्कोहोल येते आणि गोडवा जवळपास उरत नाही. रस थंड करून आणि यीस्ट गाळून ही क्रिया मध्येच थांबवली, तर अल्कोहोल कमी आणि गोडवा जास्त अशी वाइन मिळते. पुढे ती पोलादी टाकीत ठेवली की फळाचा ताजेपणा टिकतो, तर ओक लाकडाच्या पिंपात मुरवली की व्हॅनिला, लवंग, भाजलेला पाव यांची आठवण करून देणारे वास तिच्यात उतरतात. फ्रान्समधील बोर्दो प्रांताचे नेहमीचे पिंप २२५ लिटरचे असते. नव्या पिंपाचा ठसा ठळक उमटतो, आणि तीन-चार वेळा वापरून झालेल्या पिंपाचा जवळजवळ उमटतच नाही.

यादी वाचताना नेमके काय पाहावे?

सर्वप्रथम ‘ड्राय’ हा शब्द पाहावा. वाइनच्या बाबतीत ड्राय म्हणजे गोड नसलेली, एवढाच त्याचा अर्थ आहे. पिकलेल्या फळाचा वास आला की अनेकांना ती वाइन गोड वाटू लागते. अशा वेळी नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा. वास बाजूला पडतो आणि साखर खरोखर आहे की नाही ते जीभच सांगते.

त्यानंतर लेबलावरचा अल्कोहोलचा आकडा पाहावा, कारण तो बरेच काही सांगून जातो. ८-९ टक्क्यांच्या साध्या वाइनमध्ये बहुधा गोडवा शिल्लक ठेवलेला असतो, तर १४.५ टक्क्यांची वाइन तोंडात भरदार लागते आणि हलक्याफुलक्या पदार्थाला झाकून टाकते. फेसाळ वाइनच्या शब्दांनी मात्र भलेभले फसतात. ‘ब्रूट’मध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ ग्रॅम आणि ‘दमी-सेक’मध्ये ३२ ते ५० ग्रॅम, म्हणजे नावावरून कोरडी भासणारी एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते.

‘रिझर्व्ह’ या शब्दाला सर्वत्र सारखे वजन नाही. स्पेनमधील रिओहा येथे लाल वाइनला ‘रेसेर्वा’ म्हणवून घ्यायचे असेल तर ती किमान ३ वर्षे मुरवावी लागते आणि त्यातले किमान १ वर्ष ओकच्या पिंपात जावे लागते. जगात इतर अनेक ठिकाणी असा नियम नाही आणि तेथे हा शब्द वायनरी आपल्या मर्जीने छापते.

लाल वाइन मांसाबरोबर आणि पांढरी माशाबरोबर, हा नियम खरा आहे का?

अर्धा खरा आहे, आणि जो अर्धा खरा आहे त्याचे कारण रंगात नाही. लाल वाइन आणि मासा एकत्र आले की कधी कधी तोंडात नकोशी हिवस चव राहते. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी वेगवेगळ्या वाइन स्कॅलप या शिंपल्याच्या मांसाबरोबर चाखून पाहिल्या, तेव्हा ही चव वाइनमधील लोहाच्या प्रमाणाबरोबर वाढत जाते असे त्यांना आढळले. लोहाचे प्रमाण द्राक्षमळ्याची माती, हवामान आणि वाइन करण्याची पद्धत यांवर अवलंबून असते. त्यामुळे प्रत्येक लाल वाइन माशाला वावडी नसते. दुसरी अडचण तुरटपणाची आहे, कारण नाजूक मासा तुरट वाइनपुढे टिकत नाही. पण ट्यूना किंवा सामनसारखा मांसल, तेलकट मासा भाजून घेतला आणि त्याबरोबर किंचित थंड केलेली, कमी तुरट पिनो न्वार घेतली, तर ती जोडी अनेक पांढऱ्या वाइनपेक्षा सरस ठरते.

या नियमात मला खटकते ते वेगळेच. तो ताटातील मुख्य जिन्नस पाहतो आणि त्यावर काय घातले आहे ते पाहतच नाही. कोंबडीचे उदाहरण घ्या. लिंबू आणि हिरव्या पाल्याबरोबर भाजलेल्या कोंबडीला सोव्हिन्यो ब्लाँ ही पांढरी वाइन शोभते, लोणी-सायीच्या सॉसमधल्या कोंबडीला ओकमध्ये मुरलेली पांढरी शार्दोने हवी, टोमॅटोत शिजवलेलीला सांजोवेझेसारखी आंबटसर लाल वाइन हवी, आणि मध-मिरची लावून भाजलेलीला थोडी गोडसर, पांढरी रिस्लिंग. पक्षी तोच, पण वाइन चार. म्हणून कोणी मला ‘कोंबडीबरोबर कोणती?’ असे विचारले की माझा पहिला उलट प्रश्न ‘ती केली कशी आहे?’ हाच असतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही.

वाइन आणि पदार्थ ‘जुळतात’ म्हणजे जिभेवर नेमके काय होते?

हे शब्दांत सांगण्यापेक्षा करून पाहणे चांगले, आणि त्याला दहा मिनिटे पुरतात. एका ग्लासात ड्राय पांढरी वाइन घ्यावी, दुसऱ्यात तुरट लाल वाइन घ्यावी, आणि समोर बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि चीजचा तुकडा ठेवावा.

आधी पांढऱ्या वाइनचा घोट घेऊन तिचा आंबटपणा लक्षात ठेवावा, मग लिंबू चाटून पुन्हा घोट घ्यावा. तीच वाइन आता मवाळ, जवळजवळ गोडसर लागते, कारण जीभ लिंबाच्या आंबटपणाला सरावलेली असते. यावरून पहिला धडा असा की पदार्थ जितका आंबट, निदान तितकी तरी वाइन आंबट हवी. नाहीतर वाइन सपक लागते. पाणी पिऊन थोडे थांबावे आणि नंतर साखर चाखून तोच घोट घ्यावा. आता वाइन आंबटढोण, पातळ आणि काहीशी कडू लागते. पदार्थातील गोडवा वाइनमधले फळ हिरावून घेतो, म्हणून गोड पदार्थाबरोबर वाइन त्याहून गोड हवी. लाल वाइनचा घोट मिठानंतर घेतला तर तिची कडू-तुरट धार बोथट झालेली जाणवते, आणि चीजनंतर घेतला तर ती वाइन रेशमासारखी उतरते.

हा शेवटचा अनुभव चहा पिणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला असतो. कोरा चहा फार वेळ उकळला की जीभ खरखरीत होते आणि त्यात दूध घातले की तोच चहा मऊ लागतो. चहात आणि वाइनमध्ये असलेली टॅनिन ही तुरट द्रव्ये लाळेतील प्रथिनांना जाऊन चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि त्यालाच आपण तुरट म्हणतो. समोर दुधाची, चीजची किंवा मांसाची प्रथिने असली की टॅनिन त्यांना जाऊन चिकटतात आणि जीभ मोकळी राहते. चरबीदार मांसाबरोबर कॅबर्ने सोव्हिन्यो या तुरट लाल वाइनची ख्याती आहे ती याच कारणाने.

जिभेवर होणारे हे बदल एकदा ओळखीचे झाले की यादीतील नावे पाठ करण्याची गरज उरत नाही. पदार्थात मीठ, आंबट, गोड, तेल आणि तिखट किती आहे ते पाहावे; पदार्थाचे नाव त्यानंतर.

फेसाळ वाइन फक्त समारंभातच प्यायची असते का?

समारंभासाठी ती राखून ठेवणे हे तिचे मोठे नुकसान आहे, कारण जेवणाबरोबर इतकी सहज जुळणारी दुसरी वाइन यादीत क्वचितच असते. तिच्यात आंबटपणा भरपूर असतो, तुरटपणा जवळजवळ नसतो आणि बुडबुडे तोंडातील तेलकटपणा खरवडून काढतात. कुरकुरीत तळलेला कोणताही खारट पदार्थ, बटाट्याचे साधे वेफरसुद्धा, ब्रूटच्या घोटाबरोबर खाऊन पाहावा.

बुडबुडे येतात ते दुसऱ्यांदा आंबवल्यामुळे. पारंपरिक पद्धतीत तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात; आत तयार झालेल्या वायूचा दाब ५ ते ६ वातावरणांइतका होतो, म्हणून या बाटलीची काच जाड असते आणि बूच तारेने बांधलेले असते. ही वाइन मेलेल्या यीस्टच्या गाळावर जितकी जास्त राहील तितका तिला पावाचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो. शॅम्पेनमध्ये साल न लिहिलेल्या बाटलीसाठी किमान १५ महिने आणि सालाच्या बाटलीसाठी किमान ३ वर्षे मुरवणे बंधनकारक आहे. इटलीतील प्रोसेक्कोसारख्या फेसाळ वाइनमध्ये हीच क्रिया बहुतेक वेळा मोठ्या बंद टाकीत होते. त्यामुळे ती फळाकडे झुकते, हलकी राहते आणि जेवणाआधीच्या खाण्याला बरी पडते. गाळावर मुरलेल्या वाइनला मशरूम, जुने चीज किंवा कोळंबी असे चवीला गहिरे काहीतरी द्यावे. ‘शॅम्पेन’ हे नाव मात्र फ्रान्समधील त्या प्रांतात, तेथील नियमांनी केलेल्या वाइनचेच आहे. इतर फेसाळ वाइनला ते लावू नये.

पांढऱ्या वाइनमधून कशी निवड करावी?

सोव्हिन्यो ब्लाँ ही त्यातली सर्वात बोलकी. तिच्यातील पायराझिन या संयुगांमुळे हिरव्या ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास येतो, म्हणून हिरवा पाला, काकडी, वाटाणा, लिंबाचा रस असलेले सॅलड यांच्याशी तिचे चटकन जमते. फ्रान्समधील लवार नदीच्या खोऱ्यात ती बकरीच्या दुधाच्या ताज्या चीजबरोबर देतात आणि ही जोडी जगभर गाजली आहे, कारण चीजचा आंबटपणा आणि वाइनचा आंबटपणा एकाच उंचीचे असतात.

शेनिन ब्लाँ त्याच खोऱ्यातली, पण स्वभावाने लवचिक. कोरडी, गोडसर, गोड, फेसाळ अशी तिची सगळी रूपे करता येतात आणि दरवेळी आंबटपणा शाबूत राहतो. नारळाच्या दुधातील पदार्थ, आले, सौम्य मसाला यांना तिची गोडसर बाजू छान सांभाळून घेते. यादीत कोणती निवडावी हे सुचत नसेल, तर मी बहुतेक वेळा हिच्याकडे बोट दाखवतो.

शार्दोनेबद्दल लोकांचे मत अनुकूल किंवा प्रतिकूल असले तरी ते बहुतेकदा द्राक्षापेक्षा पिंपाविषयी असते. फ्रान्समधील शाब्ली येथे ती बहुतांशी ओकशिवाय करतात. ती कडक, खारट-लिंबूसर असते आणि कालवांबरोबर पितात. तेथील जमिनीत प्राचीन शिंपल्यांचे अवशेष आहेत हे खरे, पण जोडी जमते ती आंबटपणामुळे. याउलट ओकमध्ये मुरवलेल्या शार्दोनेत मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ दिलेले असते. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा जाऊन दह्यादुधाचा मऊपणा येतो आणि वासात लोणी डोकावते. अशा वाइनला लोणी, साय, मका, लॉबस्टर असे अंगाने भरलेले पदार्थ हवेत.

रिस्लिंग आणि गेवुर्त्झट्रामिनर यांच्याविषयी तिखटाच्या प्रश्नात लिहिले आहे.

रोझे कोणी घ्यावी?

ज्या टेबलावर एकाने मासे, दुसऱ्याने कोंबडी आणि तिसऱ्याने भाज्या मागवल्या आहेत आणि बाटली एकच उघडायची आहे, त्या टेबलाने बेलाशक घ्यावी. तिच्यात पांढरीचा ताजेपणा आणि लालच्या फळाची चुणूक असते. गुलाबी रंग म्हणजे गोडवा हा समज मात्र सोडून द्यावा, कारण प्रोव्हान्ससारख्या प्रदेशातल्या बहुतेक रोझे पूर्ण ड्राय असतात.

लाल वाइनमधली कोणती कशाबरोबर?

सर्वात हलक्या बाजूला पिनो न्वार. तिच्यात रंग कमी, तुरटपणा कमी, आणि वासात चेरीबरोबर ओल्या मातीची, पालापाचोळ्याची झाक असते. म्हणून मशरूम आणि बदक हे तिचे खास सोबती. सांजोवेझे ही इटलीतील टस्कनीची मुख्य लाल जात आंबटपणात पुढे असते, त्यामुळे टोमॅटोशी टक्कर घेऊ शकते. टोमॅटोच्या सॉसबरोबर गुळगुळीत, कमी आंबट लाल वाइन दिली की ती धातूसारखी लागते, ही तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे आणि दर वेळी दोष जोडीचा निघाला आहे.

मेर्लो आणि कॅबर्ने सोव्हिन्यो ही बोर्दोची जोडगोळी. मेर्लो मांसल आणि मवाळ, कॅबर्ने ताठ आणि तुरट. कॅबर्ने सोव्हिन्यो ही लाल कॅबर्ने फ्राँ आणि पांढरी सोव्हिन्यो ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून आली, हे १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी डीएनए तपासणीने सिद्ध केले. कॅबर्नेमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास अधूनमधून का येतो याचा उलगडा त्या वंशावळीत सापडतो. निखाऱ्यावर भाजलेले चरबीदार मांस तिच्यासाठी सर्वोत्तम, आणि मांस जितके कमी शिजवलेले तितका तुरटपणा अधिक विरघळतो. माल्बेक मूळची फ्रान्सची असली तरी तिने नाव कमावले अर्जेंटिनात. भाजलेल्या मांसाबरोबर ती कॅबर्नेइतकी अडून बसत नाही.

शिराझ, म्हणजेच सिरा, हिच्यासाठी थोडा वेळ काढावा. दोन-तीन मिरीदाणे खलबत्त्यात ठेचून बशीत ठेवावेत, आधी बशीचा वास घ्यावा आणि लगेच ग्लासाचा. थंड प्रदेशातल्या शिराझमध्ये हा वास इतका साफ येतो की नवखा पाहुणासुद्धा चमकून वर पाहतो. त्याचे कारण रोटंडोन नावाचे संयुग. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ते शिराझमध्ये ओळखले, आणि मिरीचा वासही त्याच संयुगाचा असतो. मिरी लावून भाजलेले मांस आणि शिराझ यांची दोस्ती त्यामुळे अक्षरशः रेणूंच्या पातळीवरची आहे. काही माणसांच्या नाकाला मात्र रोटंडोनचा वास येतच नाही, आणि त्यांनी स्वतःला कमी लेखू नये.

जेवण तिखट असेल तर?

येथे सर्वाधिक चुका होतात, आणि त्या ‘तिखट जेवणाला दमदार वाइन हवी’ या समजातून होतात. मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवते. अल्कोहोलही त्याच ग्राहीला चेतवते आणि तिची सहनमर्यादा खाली आणते, त्यामुळे १४-१५ टक्क्यांची लाल वाइन तिखटावर घेतली की आग वाढते. त्यात भर म्हणून टॅनिन जीभ आणखी खरखरीत करतात. म्हणजे यादीतील सर्वात भारी आणि बहुधा सर्वात महाग बाटली अशा जेवणाबरोबर अगदी वाया जाते.

तिखटाला हवे ते याच्या उलट: अल्कोहोल कमी, तुरटपणा नाही, थोडा गोडवा आणि व्यवस्थित थंडावा. जर्मनीतील मोझेल खोऱ्यातल्या ‘काबिनेट’ रिस्लिंगमध्ये अनेकदा ८-९ टक्केच अल्कोहोल असते. तिची साखर तिखटाची धार बोथट करते आणि आंबटपणा तोंड स्वच्छ करतो. गेवुर्त्झट्रामिनरमध्ये गुलाबाचा आणि लिचीचा वास असतो, म्हणून आले, दालचिनी, वेलदोडा यांसारख्या सुगंधी पण सौम्य तिखट मसाल्यांबरोबर ती खुलते. मात्र तिच्यात अल्कोहोल बरेच असते, त्यामुळे जहाल मिरचीला ती देऊ नये. लालच हवी असेल तर गामेसारखी फळाळ, हलकी लाल वाइन थंड करून द्यावी.

मसालेदार आणि तिखट हे दोन वेगळे गुण आहेत. मिरी, जिरे, धने, लवंग यांनी भरलेला पण मिरची बेताची असलेला पदार्थ शिराझ आनंदाने पेलते. अडचण मिरचीची आहे.

शाकाहारी जेवणाबरोबर लाल वाइन जुळते का?

उत्तम जुळते, फक्त तुरटपणा बांधून घेणारे काहीतरी ताटात असावे. भाजलेली वांगी आणि तेल, मशरूम, मसूर किंवा राजमा, वर किसलेले जुने चीज, अक्रोड, तीळ अशा पदार्थांत प्रथिने, तेल आणि गहिरी चव हे सगळे असते. भाजण्याने भाजीला जी करपट-गोड किनार येते, ती ओकमध्ये मुरलेल्या वाइनशी नाते सांगते. उकडलेल्या हिरव्या भाज्यांना मात्र पांढरीच द्यावी.

याच संदर्भात एक प्रश्न गंभीरपणे विचारला जातो की वाइन स्वतः शाकाहारी असते का. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातील केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेला आयसिंग्लास वापरण्याची पद्धत जुनी आहे. हे पदार्थ गाळाबरोबर काढले जातात, तरी ज्यांना ते नको असतील त्यांचा आग्रह रास्त आहे. बेंटोनाइट ही माती किंवा वाटाण्याची प्रथिने वापरून तेच काम होते, आणि काही वायनरी वाइन नुसती थांबून निवळू देतात. लेबलावर ‘व्हेगन’ असे लिहिलेले नसेल तर वायनरीला सरळ विचारावे.

चीजबरोबर लाल वाइनच घ्यावी ना?

सवय तशी आहे, पण माझे मत पांढऱ्याच्या बाजूचे आहे. मऊ, सायीसारख्या चीजचा थर जिभेवर बसला की लाल वाइन कडवट लागते, तर आंबट पांढरी किंवा फेसाळ वाइन तो थर कापून जाते. जुने, कडक, खारट चीज तुरट लाल वाइनला सांभाळते. निळ्या बुरशीच्या खारट चीजला गोड वाइन द्यावी: रोकफोर चीजबरोबर सोतेर्न वाइन, स्टिल्टन चीजबरोबर पोर्ट वाइन.

गोड पदार्थ आणि चॉकलेट यांना काय द्यावे?

वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, हा एकच नियम येथे काटेकोर पाळावा. ब्रूट शॅम्पेन केकबरोबर देण्याची रीत या नियमापुढे टिकत नाही.

गोडवा कसा येतो त्यावर निवड ठरते. फ्रान्समधील सोतेर्न आणि हंगेरीतील तोकाय येथे द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. सकाळचे धुके आणि दुपारचे ऊन असे हवामान लाभले की ती सालीला बारीक छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते आणि साखर, आंबटपणा, सुगंध सगळेच दाट होते. वेचणारे एकाच वेलाकडे पुन्हा पुन्हा येतात आणि दर खेपेला तेवढेच सुकलेले मणी काढतात. अशा बाटलीची किंमत जास्त का असते हे तो एकेक मणी पाहिला की कळते. जर्दाळू, पीच, बदाम, अंड्या-दुधाचे कस्टर्ड यांना ती शोभते.

पोर्टचा मार्ग वेगळा. पोर्तुगालमधील दोउरो खोऱ्यात, ज्याच्या सीमा १७५६ मध्येच आखून दिल्या गेल्या, रस अर्धामुर्धा आंबला की त्यात द्राक्षांचे स्पिरिट घालतात. यीस्ट मरते, साखर उरते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जाते. गडद चॉकलेटचा कडवटपणा रुबी पोर्ट पेलते, तर पिंपात वर्षानुवर्षे मुरलेली टॉनी पोर्ट सुकामेवा आणि कॅरॅमल यांच्याबरोबर रंगते. साध्या लाल वाइनबरोबर चॉकलेट मला कधी पटलेले नाही.

काही पदार्थ वाइनचे वैरीच असतात का?

थोडेच. आर्टिचोक या भाजीतील सायनरिन या संयुगामुळे त्यानंतरचे सगळेच गोड लागते. ॲस्परॅगस या भाजीबरोबर ओकमधली किंवा तुरट वाइन धातूसारखी लागते, सोव्हिन्यो ब्लाँ चालते. नुसते व्हिनेगर वाइनला चपटे करते, म्हणून सॅलडमध्ये त्याऐवजी लिंबू वापरावे. पातळ बलक असलेल्या अंड्याला फेसाळ वाइन द्यावी.

वाइन किती थंड असावी?

फेसाळ आणि गोड वाइन ६ ते ८ अंश सेल्सिअस, हलक्या पांढऱ्या आणि रोझे ८ ते १०, ओकमधल्या पांढऱ्या १० ते १३, हलक्या लाल १२ ते १४ आणि भरदार लाल १६ ते १८. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड दगडी घरांच्या काळातला आहे. ३० अंशांच्या खोलीत तो पाळला तर अल्कोहोलचा भपकारा येतो आणि फळ गायब होते. अशा वेळी लाल बाटलीही वीसेक मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. उलट पांढरी फार थंड केली तर तिचा वास बंद होतो. चांगली शार्दोने बर्फात गाडून ठेवलेली पाहिली की मला वाईट वाटते.

पाहुण्यांसाठी किती बाटल्या लागतील?

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. फेसाळ वाइनचे १२५ मिलीचे सहा. जेवणाबरोबर माणशी दोन ग्लास पुरेसे धरावेत आणि तितकेच पाणी ठेवावे. गाडी चालवणारे, गरोदर स्त्रिया, औषधे घेणारे आणि नको म्हणणारे यांना आग्रह करू नये. त्यांच्यासाठी लिंबू पिळलेला सोडा किंवा न आंबवलेला द्राक्षरस तेवढ्याच चांगल्या ग्लासात द्यावा.

बाटली खराब आहे हे कसे ओळखावे?

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला आणि फळाचा वास दबला असेल, तर तो बुचातून आलेल्या टीसीए या संयुगाचा दोष असतो. ते प्यायल्याने अपाय होत नाही, पण जोडीला आणलेला पदार्थही बेचव वाटतो, म्हणून बाटली परत करावी आणि त्यात संकोच वाटू देऊ नये. बुचाला किंवा तळाशी चिकटलेले काचेसारखे स्फटिक मात्र दोष नव्हेत. ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत आणि वाइन थंड झाल्यावर खाली बसतात.

उरलेल्या वाइनचे काय करावे, आणि ती स्वयंपाकात वापरता येते का?

बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलेली पांढरी किंवा लाल वाइन तीन ते पाच दिवस चांगली राहते, लालसुद्धा फ्रिजमध्येच ठेवावी. फेसाळ वाइनला दाबाचे झाकण लागते. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवल्याने बुडबुडे टिकत नाहीत. टॉनी पोर्ट काही आठवडे टिकते.

स्वयंपाकात जी प्यावीशी वाटते तीच वाइन घालावी, कारण रस आटला की गुणांबरोबर दोषही दाट होतात. आंबट पांढरी वाइन कढईला चिकटलेला खरपूस भाग सोडवून सॉस करायला उत्तम. तुरट लाल वाइन फार आटवली तर सॉस कडवट होतो, म्हणून ती मांसाच्या लांबवर शिजणाऱ्या रश्शात घालावी. शिजवताना अल्कोहोल सगळे उडून जाते असे समजू नये. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मंद आचेवर १५ मिनिटांनंतर सुमारे ४० टक्के अल्कोहोल पदार्थात शिल्लक असते, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के. तेव्हा जेवायला लहान मुले किंवा मद्य वर्ज्य असलेले कोणी असेल, तर त्यांच्यासाठीचा भाग वाइन घालण्याआधीच वेगळा काढून ठेवावा.